कान्होजी आंग्रे

सरखेल कान्होजी आंग्रे (अंदाजे इ.स. १६६९ – ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे प्रमुख होते. कोकणच्या उथळ व खडकाळ किनाऱ्यास अनुरूप जहाजांच्या बळावर त्यांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्याशी दीर्घकाळ यशस्वी झुंज दिली.

कारकीर्द

कान्होजींचे वडील तुकोजी हेही मराठा आरमारात होते. सिधोजी गुजर यांच्यानंतर इ.स. १६९८च्या सुमारास आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. पुढे बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या पक्षास मिळाले. त्या काळी मुंबई बेट इंग्रजांकडे, तर अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ही आजची उपनगरे ज्यात येतात ते साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना घ्यावा, ही कान्होजींची मागणी या दोन्ही सत्तांशी संघर्षाचे कारण ठरली.

जहाजांची रचना

आंग्र्यांच्या आरमारात गुराब व गलबत हे मुख्य प्रकार होते. गुराब लांबीच्या मानाने रुंद असून पाण्यात फार खोल बुडत नसे. तिची नाळ निमुळती व पुढे झुकलेली असल्याने समोरून येणाऱ्या लाटांत ती जोराने वरखाली होई. म्हणून नाळेवरील भागास कठडा ठेवीत नसत. वर आलेले पाणी आपोआप वाहून जाई. त्यामागील आडव्या भिंतीतून दोन तोफा पुढे रोखलेल्या असत.

गलबत आकाराने लहान व हलके असे. त्यास मोठे त्रिकोणी शीड आणि ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, कारण तेथे तोफा थोड्या असत. मात्र उंच बांध्याच्या युरोपीय जहाजासमोर कुशीस कुस लावून लढणे या हलक्या जहाजांस परवडत नसे.

प्रमुख संघर्ष

इंग्रजांची इ.स. १७१८ मधील खांदेरीवरील मोहीम फसली. इ.स. १७२० मध्ये त्यांनी विजयदुर्गावर सपाट तळाचा तरता तोफखाना आणला; तोही निष्फळ ठरला. इ.स. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीही अपयशी झाली.

मृत्यू व वारसा

कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे. त्यांच्यानंतर पुत्रांतील कलहाने आरमार दुभंगले. इ.स. १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. भारतीय नौदलाच्या मुंबईतील एका तळास ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव देण्यात आले आहे.