धाडसी वैमानिका अ‍ॅमी जॉन्सन

विमान उडविण्यापेक्षा ते सुखरूप जमिनीवर उतरविणे अधिक कठीण असते. अ‍ॅमी जॉन्सनला ही गोष्ट जन्मभर छळत राहिली.

१ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी तिचा जन्म झाला. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमधील एका वकिलाच्या कचेरीत नोकरीस लागली आणि फावल्या वेळात विमान चालविण्यास शिकू लागली. एकटीने उडण्यापूर्वी तिला जवळजवळ १६ तास शिकावे लागले. इतरांना याहून पुष्कळ कमी वेळ पुरत असे. यंत्रशाळेत मात्र ती रमली. १९२९ च्या अखेरीस विमान-दुरुस्तीचा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली.

तिचे ‘जेसन’ हे जिप्सी मॉथ जातीचे विमान अतिशय हलके होते. पुढे दोन चाके, शेपटीखाली एक टेकण, आणि ब्रेक मुळीच नाहीत. अशा विमानाचा भार चाकांच्या मागे असतो. म्हणून पिसांकडून फेकलेला बाण जसा स्वतःच उलटा फिरू पाहतो, तसे हे विमान जमिनीवर धावताना थोडे तिरके झाले की शेपूट पुढे येऊ पाहते. त्यात आडवा वारा झोतांनी येऊ लागला म्हणजे चालकाची खरी कसोटी. वाऱ्याकडील पंख किंचित खाली ठेवावा, सुकाणूने नाक सरळ धरावे, त्या बाजूचे चाक आधी टेकवावे, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत हातपाय सैल सोडू नयेत. त्या काळची विमानतळे म्हणजे मोकळी कुरणेच असल्यामुळे बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उतरता येई. पण संकटात सापडलेल्याला जागा निवडण्याची सोय कोठली?

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली. बगदादच्या वाटेवर धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात उतरविले. सामान चाकांना टेकवून, इंजिन झाकून, वाऱ्याने विमान उलथू नये म्हणून ती शेपटीवरच बसून राहिली! सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली. पुढे पेट्रोल संपल्यामुळे झाशी येथे कवायतीच्या मैदानावर उतरताना पंख मोडला. रंगूनजवळ इन्सिन येथे, शर्यतीचे मैदान समजून ती पावसात एका तंत्रविद्यालयाच्या क्रीडांगणावर उतरली आणि विमान चरात गेले. तेथे विमानाच्याच जुन्या कापडाचे शिवलेले सदरे उसवून पंखांना ठिगळे लावण्यात आली. सोबत आणलेला जादा पंखा पुढे बसविला. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. बर्ट हिंक्लरचा १९२८ चा विक्रम काही तिला मोडता आला नाही. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडालेली ती पहिली स्त्री होती. पाचच दिवसांनी ब्रिस्बेन येथे, हजारो लोकांच्या समोर, अंदाज चुकून तिचे विमान कुंपणापलीकडे जाऊन उलथले. तिला इजा झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धात ती सरकारी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्याचे काम करू लागली. ५ जानेवारी १९४१ रोजी अशाच एका फेरीत, दाट ढगांच्या दिवशी, ती थेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात पडली. तिला वाचविण्यासाठी हॅझलमिअर या जहाजावरील अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी थंडगार पाण्यात उडी घेतली व त्यातच त्यांचा अंत झाला. अ‍ॅमीचा देह कधीच सापडला नाही. तिचा ‘जेसन’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेला आहे.