छत्तीसगडचे पहिले मराठी राजे : बिंबाजी भोसले

रायपुरात वाढलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जातो : तुमची मंडळी इकडे कधी आली? कोणी आजोबांच्या रेल्वेतील नोकरीचा उल्लेख करतो, कोणी कचेरीतील बदलीचा. परंतु या भूमीशी मराठी भाषेचा राजकीय संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो ज्या पुरुषाच्या नावाशी जोडला गेला आहे ते बिंबाजी भोसले आपल्या घरांतून जवळजवळ विस्मृतीत गेले आहेत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्यांचे चरित्र आठवणे उचित ठरेल. एका जुन्या राजवंशाच्या जागी दुसरा आला, तर त्याचा अधिकार लोकांनी कशावरून मानावा, हा प्रश्न त्या चरित्राच्या मुळाशी आहे.

बिंबाजींच्या आधी येथे हैहयवंशी कलचुरींचे राज्य होते. अकराव्या शतकात रत्नदेवाने तुमाण सोडून रतनपूर वसविले. एका रात्री अरण्यात वटवृक्षाच्या आश्रयाला असताना त्याला महामायेची सभा भरलेली दिसली, आणि देवीचा हा संकेत मानून त्याने तेथेच राजधानी केली, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याच वंशाची धाकटी शाखा रायपुरास नांदू लागली. सुमारे सात शतके लोकांच्या मनात राजा आणि महामाया यांचे नाते अभंग राहिले. देवीने दिलेले राज्य देवीखेरीज कोण घेणार, ही त्यांची श्रद्धा होती.

1741 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर ओरिसा-बंगालच्या मोहिमेवर निघाले असता वाटेत रतनपुरावर चालून आले. वृद्ध राजा रघुनाथसिंह त्या वेळी एकुलत्या एक पुत्राच्या निधनाने खचून गेला होता. त्याने प्रतिकारच केला नाही. तोफांचा मारा वाड्यावर होऊ लागला, तेव्हा एका राणीने तटावर पांढरे निशाण चढविले आणि वेशीचे दरवाजे उघडले गेले. एक लक्ष रुपयांचा दंड बसला. रघुनाथसिंह गादीवर राहिला, पण भोसल्यांचा मांडलिक म्हणून. एका शोकाकुल घरावर आलेले हे संकट होते, ही गोष्ट मराठी वाचकाने विजयाच्या अभिमानात विसरू नये. पुढे भोसल्यांनी त्याच वंशातील मोहनसिंहाला गादी दिली.

रघूजी 1755 मध्ये निवर्तले. जानोजी, साबाजी, मुधोजी व बिंबाजी या चार पुत्रांत वारशाचा वाद झाला. अखेरच्या वाटणीत नागपूर जानोजींकडे राहिले, मुधोजींना चांदा मिळाले आणि छत्तीसगड बिंबाजींच्या वाट्यास आले. ते 1758 च्या सुमारास रतनपुरास आले. त्याच सुमारास मोहनसिंह आजारी पडून मरण पावला आणि हैहयांची गादी रिकामी झाली. बिंबाजींना राज्य मिळाले ते असे, घरगुती वाटणीने. महामायेने त्यांना स्वप्नात दर्शन दिले नव्हते, की प्रजेने बोलावले नव्हते.

येथे प्राचीन इस्राएलांच्या परंपरेतील एक कथा आठवते. त्यांचा पहिला राजा शौल. देवाच्या आज्ञेवरून शमुवेल संदेष्ट्याने तेलाचा अभिषेक करून त्याला निवडले. शौलाने आज्ञा मोडली, तेव्हा देवाने त्याला नाकारले आणि त्याच शमुवेलाच्या हातून मेंढपाळ दाविदाला अभिषेक झाला. शौल रणांगणावर पडल्यावर दावीद राजा झाला. मग शौलाच्या घराण्यात कोणी उरले आहे काय, याचा त्याने शोध घेतला. पायांनी अधू असलेला शौलाचा नातू मफीबोशेथ सापडला, तेव्हा त्याला आजोबांची शेतजमीन परत दिली आणि आपल्या पंक्तीला कायमचे स्थान दिले. ज्याला देवाने निवडले अशी लोकांची खात्री होती, त्यालाही पदच्युत घराण्याशी कसे वागावे हा प्रश्न टळला नाही.

बिंबाजींपुढे हाच प्रश्न रायपुरात उभा होता. येथील हैहय शाखेच्या अमरसिंहाला भोसल्यांनी 1750 मध्ये सत्तेवरून दूर करून राजीम, पाटण व रायपूर हे परगणे वार्षिक सात हजार रुपयांच्या खंडणीवर दिले होते. 1753 मध्ये तो वारला. त्याचा पुत्र शिवराजसिंह तेव्हा तीर्थयात्रेस गेला होता. तो परत येण्याआधीच त्याची मालमत्ता जप्त झाली. बिंबाजींनी सूत्रे हाती घेतल्यावर शिवराजसिंहाला बडगाव हे गाव करमुक्त दिले आणि रायपूर मुलखातील प्रत्येक गावामागे एक रुपया त्याच्या निर्वाहासाठी लावून दिला. ही व्यवस्था 1822 पर्यंत चालली. गेलेले राज्य काही परत मिळाले नाही, आणि तो रुपयाही अखेर रयतेच्याच पदरचा होता. तरीही जुन्या राजाच्या वारसाला गावोगावी मान राहिला आणि अन्नाला मोताद व्हावे लागले नाही, हे लहान काम नव्हे.

बिंबाजींनी रतनपूर व रायपूर एका शासनाखाली आणले. नागपूरशी नाते राखूनही त्यांचा दरबार आणि सैन्य स्वतंत्र होते. दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी आली. विजयादशमीला सोने वाटण्याचा आपला रिवाज या प्रदेशात रुजला, त्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. रतनपुरातील टेकडीवर त्यांनी श्रीरामाचे मंदिर बांधले. वडिलांनी नागपूरजवळच्या रामटेकचा जीर्णोद्धार केला होता. पुत्राने नव्या भूमीत रामटेकरी उभी केली. त्या मंदिरात बिंबाजींचीही मूर्ती आहे. मात्र महामायेचे स्थान त्यांनी ढळविले नाही. रामटेकरीवर नवे दैवत आले तरी रतनपूरची अधिष्ठात्री महामायाच राहिली. रायपुरातील दूधाधारी मठाच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराशीही त्यांचे नाव निगडित आहे.

1787 च्या डिसेंबरात बिंबाजी निवर्तले. त्यांच्या मृत्यूने प्रजा हळहळली, अशी नोंद पुढच्या काळातील युरोपीय प्रवाशानेही केली आहे. त्यांच्यानंतर छत्तीसगड पुतण्या व्यंकोजींकडे गेले, पण ते नागपुरातच राहिले आणि येथील कारभार सुभेदारांच्या हाती गेला. बिंबाजींच्या पत्नी आनंदीबाईंचा काही काळ राज्यकारभारात प्रभाव होता, परंतु रतनपूरचे तेज ओसरत गेले. 1818 मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत करून बालवयाच्या तिसऱ्या रघूजींना नागपूरच्या गादीवर बसविले. छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधिकारी ॲग्न्यूकडे आला आणि त्याने राजधानी रतनपूरहून रायपुरास आणली. 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने ते राज्य खालसा केले. ज्यांनी हैहयांना बाजूला सारले होते, त्यांच्यावरही तोच प्रसंग आला.

तेव्हा बिंबाजींच्या अधिकाराचा पुरावा कोठे शोधावा? माझ्या मते तो बडगावच्या सनदेत आणि महामायेच्या अबाधित पूजेत आहे. त्यांनी येथील देवी मानली, जुन्या घराण्याला जगू दिले, आपली भाषा व आपला सण यांची भर घातली आणि येथेच देह ठेवला. आपली शाळाही याच मातीत वाढली. मराठीतून शिकलेली आपली मुले छत्तीसगडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या अंगणात खेळली. आता पुन्हा कोणी विचारले, तुमची मंडळी इकडे कधी आली, तर सनावळी अवश्य सांगावी. आल्यावर आपण येथल्यांशी कसे वागलो, हेही त्याबरोबर सांगता यावे. माजी विद्यार्थ्यांनी एकदा तरी मुलाबाळांसह रतनपुरास जावे, आधी महामायेचे दर्शन घ्यावे आणि मग रामटेकरी चढावी.