गाडगेबाबा आणि बारशाची पंगत

शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर म्हणजेच आपले गाडगेबाबा. जन्म १८७६ चा. वडील दारूपायी लवकर गेले. दापुऱ्याला मामाकडं वाढले, तिथं मामाची शेती सावकाराच्या घशात गेलेली पाहिली.

पुढं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना दारू-मटण घालायची तेव्हा रीत. नाही घातलं तर चार लोकांत नाक जायचं, मग ऋण काढून का होईना, घालायचंच! आपल्या गावात तरी काय निराळं आहे? डेबूजींनी पंगतीला गोडाचं वाढलं. भाऊबंद बिथरले, नावं ठेवली. त्यांनी ती ऐकून घेतली.

१९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, जेवायला मातीचं गाडगं. गावात शिरले की आधी झाडलोट, रात्री कीर्तन. लग्नासाठी कर्ज काढू नका, ताट नसलं तर हातावर भाकरी खा, पण पोराला शाळेत घाला, हे ते परोपरीनं सांगायचे. पाया मात्र कुणाला पडू द्यायचे नाहीत.

आळंदी, देहू, नाशिक, पंढरपूर इथं धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडं सोपवली. एवढ्या इमारती उठल्या, पण कुंताबाई झोपडीतच राहिल्या. आपण वारकरी दर्शनबारीत उभे असायचो, तेव्हा बाबा चंद्रभागेचं वाळवंट झाडत असायचे. २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला.