जोर्व्याच्या खापरांनी महाराष्ट्राचा इतिहास हजार वर्षं मागं नेला : डॉ. सांकलिया

संगमनेर तालुक्यातलं जोर्वे हे प्रवराकाठचं गाव. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ते एका संस्कृतीचं नाव म्हणून येतं. हे श्रेय डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचं.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतल्या गुजराती कुटुंबातला. लंडनला पीएच.डी. करताना ते मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर गेले आणि थर वाचायची शिस्त तिथं शिकले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, ते कायमचेच.

१९५०-५१ मध्ये त्यांनी डॉ. शां. भा. देव यांच्यासह नाशिक आणि जोर्वे इथं उत्खनन केलं. तोवर महाराष्ट्राचा लिखित इतिहास सातवाहनांपासून सुरू व्हायचा. त्याआधी इथं शेती करणारी माणसं कशी राहत होती, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं.

उत्खनन म्हटलं की लोकांना हंडा आठवतो. प्रत्यक्षात पहिला आठवडा मोजमापातच जातो. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, टेकाडाची उंची-सखलता मोजायची. मग वरची माती हलक्या हातानं काढायची. मातीचा रंग बदलला की थांबायचं, नव्या थराला नवा नंबर द्यायचा. निघालेलं प्रत्येक खापर त्याच थराच्या पाटीत टाकायचं, धुवायचं, त्यावर शाईनं नंबर घालायचा. इथं घाई केली आणि दोन थरांची खापरं एकत्र झाली, तर पुढचं सगळं काम वाया. खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही.

गावोगावच्या जुन्या पांढरीची माती शेतकरी खत म्हणून शेतात नेत आले आहेत. त्यात त्यांचा काय दोष? खापराला किंमत असते हे सांगणारं कुणी नव्हतं. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या. पण खरी ओळख पटली ती लाल रंगावर काळी नक्षी काढलेल्या, टिचकी मारली की खणखणणाऱ्या भांड्यांनी. तोटीची भांडी तर लगेच ओळखू येतात. तशीच खापरं पुढं कितीतरी गावांत सापडली आणि सगळ्यांना नाव मिळालं जोर्वे संस्कृती. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००.

पुढं १९५४-५६ मध्ये नेवाशाचं लाडमोड टेकाड खणलं. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं तिथं मिळाली. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव त्यानंतरचं. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.