माळरानावरची वसाहत

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचे विलक्षण वेड होते. एक चित्रकला आणि दुसरी यंत्रे. पुढे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु तेथे एक मोठे संकट त्यांच्यापुढे उभे राहिले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नसे. ज्याला रंग कळत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे?

लक्ष्मणराव निराश झाले नाहीत. रंगांची गरज नसलेली यंत्रांची रेखाचित्रे त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय ते शिकवू लागले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. त्यांचे वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. त्यानंतर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर हे बंधू तयार करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे आरंभी नांगर विकले जाईनात. तरीही लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही.

अशातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. आता जावे कोठे? औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जमीन मिळाली खरी, पण ती होती ओसाड माळरान! जिकडे तिकडे निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह या माळावर उतरले. काम फसले असते, तर एवढ्या सर्व कुटुंबांच्या तोंडचा घास गेला असता.

या कठीण प्रसंगी लक्ष्मणरावांचा आधार होती ती त्यांची माणसे. ही माणसे त्यांनी परीक्षेतील गुण पाहून निवडली नव्हती. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती. ते कल्पक यंत्रज्ञ बनले. कुलकर्णी नावाचे एक सहकारी अभ्यासात कच्चे होते. ते कुशल व्यवस्थापक आणि विक्रेते झाले. शंभूराव जांभेकर शिकाऊ म्हणून आले आणि यंत्रविद्येत निष्णात झाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले, तर रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व कारभार पाहिला. एका कामात अपयशी ठरलेला मनुष्य दुसऱ्या कामात यशस्वी होऊ शकतो, हे लक्ष्मणराव स्वानुभवाने जाणत होते. म्हणून ज्याचा जो गुण, त्यास तसे काम ते देत.

त्यांच्या विश्वासाची खरी कसोटी रात्रीच्या पहाऱ्याने पाहिली. माळ निर्जन होता. चोरांचे भय होते. अशा ठिकाणी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहारेकरी नेमले! ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे, त्यांच्या हाती त्यांनी साऱ्या वसाहतीची राखण सोपविली. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही त्यांचा दंडक होता. शतकानुशतकांची रूढी मोडणे हे निवडुंग तोडण्याहून अवघड काम होते. परंतु जेथे एकत्र राबावयाचे, तेथे माणसामाणसांत भेद मानणे त्यांना मान्य नव्हते.

पुढे माळाचे रूप पालटले. निवडुंगाच्या जागी कारखाना आणि घरे उभी राहिली. ही वसाहत किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झाली, आणि पुढे रेल्वे स्थानकासही तेच नाव मिळाले. येथून निघालेले नांगर गावोगावच्या शेतात चालू लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांनी लोखंडाला आकार दिला, हे तर खरेच. परंतु लोकांनी निरुपयोगी ठरविलेल्या माणसांतील गुण ओळखून त्यांना मानाने उभे केले, हे त्यांचे कार्य त्याहूनही थोर होय.