बेब डिड्रिकसन : खेळाडू एक, बातम्या अनेक



आमच्या शाळेच्या मुली यंदा खो-खोत केंद्रस्तर जिंकून तालुक्याला गेल्या. मुलांचा कबड्डीचा संघ केंद्रावरच हरला. दोन दिवसांनी पेपरात क्रीडा स्पर्धांची बातमी आली. फोटो होता मुलांच्या कबड्डीचा, आणि मुलींच्या खो-खोचा उल्लेख शेवटच्या ओळीत. पाचवीतल्या एका मुलीने तो कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाई, जिंकलो तर आम्ही ना?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. त्या आठवड्याच्या परिपाठात थोर व्यक्तींचा परिचय घ्यायचा होता, तेव्हा मी मुलांना बेब डिड्रिकसनची गोष्ट सांगितली. तीच थोडी विस्ताराने इथे देत आहे. इयत्ता चौथी ते सातवीपर्यंत सांगता येईल.

जन्म आणि बालपण

बेबचं खरं नाव मिल्ड्रेड एला डिड्रिकसन. जन्म २६ जून १९११, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या पोर्ट आर्थर गावी. आई-वडील नॉर्वेहून आलेले. वडील सुतारकाम करायचे. सात भावंडांमध्ये तिचा नंबर सहावा. ती लहान असतानाच कुटुंब जवळच्या बोमाँट गावात राहायला गेलं.

घरची परिस्थिती बेताचीच. शाळा सांभाळून बेबने अंजिरं भरण्याच्या कारखान्यात काम केलं, बटाट्याच्या गोण्या शिवल्या. एका गोणीला एक सेंट मिळायचा. पण वडिलांना व्यायामाची हौस. त्यांनी अंगणातच मुलांसाठी व्यायामाची साधनं तयार केली. झाडूच्या दांड्याला दोन्हीकडे आईच्या जड इस्त्र्या बांधल्या की झालं वजन उचलायचं साधन!

किराणा आणायला जाताना बेब रस्त्याने सरळ जायचीच नाही. शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या झुडपांवरून उड्या मारत जायची. एक झुडूप जास्त उंच होतं, तर त्या घरी जाऊन तिने ते छाटायची विनंती केली आणि त्यांनीही ते छाटलं. पुढे ऑलिंपिकमधल्या अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव असा गल्लीत झाला.

मुलांबरोबर बेसबॉल खेळताना ती लांब फटके मारायची. त्या काळचा प्रसिद्ध बेसबॉलपटू बेब रूथ, त्याच्यावरून आपल्याला हे नाव पडलं असं ती सांगायची. नाव पडलं ते कायमचं.

बास्केटबॉलने दिलेली नोकरी

हायस्कूलमध्ये सुरुवातीला तिला बास्केटबॉलच्या संघात घेतलं नाही. कारण काय, तर उंची कमी. ती सराव करत राहिली, संघात आली आणि गुणांचा पाऊस पाडू लागली. तिचं नाव डॅलस शहरापर्यंत गेलं. तिथली एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टी नावाची विमा कंपनी महिलांचा संघ चालवायची. संघाचं नाव गोल्डन सायक्लोन्स. संघाचे प्रमुख मेल्विन मॅककोम्ब्स यांनी १९३० मध्ये तिला बोलावून घेतलं. कागदावर नोकरी ऑफिसातली, पगार महिना ७५ डॉलर. खरं काम म्हणजे संघासाठी खेळायचं.

इथे पालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या काळात अमेरिकेत मुलींच्या बास्केटबॉलबद्दल दोन टोकांची मतं होती. अनेक शिक्षणतज्ज्ञ म्हणत की मुलींनी खेळावं, पण चुरशीच्या स्पर्धा नकोत, त्याने तब्येत आणि स्वभाव बिघडतो. दुसरीकडे कंपन्यांना मात्र महिला संघात जाहिरात दिसत होती. मॅककोम्ब्स यांनी खेळाडूंना जुन्या घोळदार विजारींऐवजी आखूड, चमकदार सॅटिनच्या चड्ड्या दिल्या आणि बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली. आता ही गर्दी खेळ बघायला आली की कपडे, हा प्रश्न आजही महिलांच्या खेळांचा पाठलाग करतो. मोठ्या मुलांच्या वर्गात यावर जरूर बोला.

बेब सलग तीन वर्षं, १९३० ते १९३२, देशातल्या सर्वोत्तम बास्केटबॉलपटूंच्या यादीत निवडली गेली. १९३१ मध्ये तिचा संघ राष्ट्रीय विजेता झाला. तरी हे नाव टेक्सासच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. महिलांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये नव्हता. पुरुषांचा १९३६ मध्ये आला, महिलांचा थेट १९७६ मध्ये. जिथे जगाचे पत्रकार जमत नाहीत, तिथे कितीही चांगलं खेळलं तरी बातमी जिल्ह्याबाहेर जात नाही. हे आपल्याला काही नवीन नाही!

एका मुलीचा संघ

कंपनीनेच तिला मैदानी स्पर्धांकडे वळवलं. १६ जुलै १९३२ रोजी इलिनॉय राज्यातल्या एव्हान्स्टन इथे राष्ट्रीय स्पर्धा होती. ऑलिंपिकची निवडही तिथूनच होणार होती. इतर क्लबांचे भरगच्च संघ आले होते. एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टीच्या संघात होती फक्त एक मुलगी. संघांचं संचलन झालं तेव्हा ती एकटीच मैदानात धावत आली.

तीन तासांत ती आठ प्रकारांत उतरली. गोळाफेक, भालाफेक, बेसबॉल फेक, लांब उडी आणि ८० मीटर अडथळा शर्यत या पाचांत पहिली, उंच उडीत जीन शायलीबरोबर संयुक्त पहिली. गुण झाले ३०. दुसऱ्या आलेल्या क्लबचे २२ खेळाडू होते आणि त्यांचे गुणही २२. म्हणजे एकट्या मुलीने सांघिक विजेतेपद मिळवलं. ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्गातल्या मुलांनी माझ्याकडून आकडे दोनदा वदवून घेतले.

लॉस एंजेलिस, १९३२

ऑलिंपिकमध्ये महिलांना जास्तीत जास्त तीनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेता येत होता. त्यामागची हवाही समजून घ्यायला हवी. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिला प्रथमच मैदानी स्पर्धांत उतरल्या. ८०० मीटरच्या शर्यतीनंतर धावपटू मैदानावर कोसळल्या, बायकांना हे झेपत नाही, अशा तिखटमीठ लावलेल्या बातम्या छापून आल्या. प्रत्यक्षात अंतिम फेरीतल्या सगळ्या जणींनी शर्यत पूर्ण केली होती. पण त्यानंतर ती शर्यतच काढून टाकली आणि ती परत आली १९६० मध्ये. चुकीच्या बातमीची किंमत मुलींच्या दोन पिढ्यांनी मोजली.

बेबने निवडलेल्या तीन प्रकारांत भालाफेकीत ४३.६९ मीटर फेकून सुवर्ण मिळवलं. ८० मीटर अडथळा शर्यतीत ११.७ सेकंदांच्या विश्वविक्रमासह दुसरं सुवर्ण. एव्हलिन हॉलचीही वेळ तीच होती, निकाल अगदी थोडक्यात लागला. उंच उडीत बेब आणि जीन शायली दोघींनी सारखीच उंची पार केली. पंचांनी मात्र बेबची उडी नियमबाह्य ठरवली, कारण तिचं डोकं शरीराच्या आधी दांडीपलीकडे गेलं. तिला रौप्य मिळालं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं.

याच प्रवासातली एक कटू गोष्ट मी मुलांपासून लपवली नाही. टायडी पिकेट आणि लुईस स्टोक्स या दोन कृष्णवर्णीय मुलीही अमेरिकेच्या संघात होत्या. गाडीत झोपलेली असताना बेबने आपल्या अंगावर गार पाणी ओतलं, असं पिकेट यांनी पुढे सांगितलं. दोघींनाही रिले शर्यतीत उतरवलंच नाही. पेपरांची पानं बेबने भरली होती, या दोघींची दखल फार कमी जणांनी घेतली. ज्या मुलीला स्वतःला हिणवलं जायचं तीच दुसऱ्यांशी अशी वागली. थोर व्यक्तीही माणूसच असते, आणि तिच्या चुका झाकल्या तर आपला पाठ अर्धाच राहतो.

कौतुक आणि टोमणे

त्या काळचे नामवंत क्रीडा पत्रकार ग्रँटलँड राइस तिचे मोठे चाहते. पॉल गॅलिको यांच्यासारख्यांनी मात्र तिच्या खेळापेक्षा तिचं दिसणं, आखूड केस आणि दणकट बांधा यावरच जास्त लिहिलं. ही बाईसारखी नाही, असा त्याचा सूर. बेब कमी बोलणारी नव्हती. स्वतःची बढाई मारायची, वयसुद्धा कमी सांगायची. पत्रकारांना ते हवंच होतं.

१९३२ च्या अखेरीस एका मोटारगाडीच्या जाहिरातीत तिचा फोटो आला. हौशी खेळाडूने जाहिरात करणं नियमात बसत नव्हतं, म्हणून तिच्यावर बंदी आली. बंदी पुढे उठली, पण तिने व्यावसायिक व्हायचं ठरवलं. आता पोट कसं भरायचं? महिलांच्या बास्केटबॉलला व्यावसायिक लीग नव्हती. तिने रंगमंचावर कार्यक्रम केले. स्वतःच्या नावाचा बास्केटबॉल संघ घेऊन गावोगावी फिरली. त्या संघात स्त्रिया आणि पुरुष एकत्र खेळायचे. दाढीवाल्या खेळाडूंच्या हाउस ऑफ डेव्हिड या बेसबॉल संघाबरोबरही ती खेळली. दोन सुवर्णपदकांची मानकरी, पण लोक तिला एखाद्या जत्रेतल्या खेळासारखं बघायला यायचे. ती कमावत होती आणि घरी पैसे पाठवत होती.

गोल्फ आणि बदललेल्या बातम्या

मग तिने गोल्फ धरला. हाताची सालं निघेपर्यंत, पट्ट्या बांधून ती दिवसभर चेंडू मारायची. १९३५ मध्ये टेक्सासची महिला हौशी स्पर्धा जिंकली. काही दिवसांतच गोल्फ संघटनेने तिला व्यावसायिक ठरवून हौशी स्पर्धांचं दार बंद केलं. १९३८ मध्ये ती लॉस एंजेलिस ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत उतरली. तिथे तिच्या गटात होता कुस्तीगीर जॉर्ज झहारियास. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं.

आता बातम्या बघा कशा बदलल्या. तिचा स्वयंपाक, तिचे पडदे, तिचे कपडे यांवर लेख येऊ लागले. गोल्फ हा श्रीमंतांच्या क्लबांचा खेळ, बायकांना शोभणारा मानलेला. तेच हात, तीच ताकद, पण बास्केटबॉल आणि भाला हातात असताना जी पुरुषी ठरली, तीच गोल्फची काठी हातात आल्यावर कौतुकाची झाली.

१९४३ मध्ये तिला हौशी दर्जा परत मिळाला. १९४६ मध्ये तिने अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली. १९४७ मध्ये स्कॉटलंडमधल्या गलन इथे ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली. १९५० मध्ये तिच्यासह तेरा जणींनी मिळून महिला व्यावसायिक गोल्फ संघटना, म्हणजे एलपीजीए, स्थापन केली. ती आजही चालू आहे. कुणी आपल्यासाठी स्पर्धा भरवत नाही म्हणून रडत न बसता त्यांनी स्वतःच भरवल्या. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने तिला अर्ध्या शतकातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून निवडलं.

शेवटची लढाई

१९५३ मध्ये तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटावर वेगळा मार्ग काढावा लागला. त्या काळात कॅन्सरचं नाव लोक घरातसुद्धा हळू आवाजात घेत. बेबने ते उघडपणे सांगितलं. साधारण साडेतीन महिन्यांत ती पुन्हा स्पर्धेत उतरली. पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, तिने यूएस विमेन्स ओपन ही सर्वांत मोठी स्पर्धा तब्बल बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. तिचं हे या स्पर्धेचं तिसरं विजेतेपद. असोसिएटेड प्रेसचा वार्षिक सन्मानही सहाव्यांदा मिळाला.

आजार मात्र परत आला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी टेक्सासमधल्या गॅल्वेस्टन इथे, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी तिचं निधन झालं. बोमाँटला, आपल्या गावीच, तिला दफन केलं. तिथे तिच्या नावाचं संग्रहालय आहे.

आज काय बदललं?

७ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत विद्यापीठांच्या महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा. टीव्हीवर तो सरासरी १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला हा आकडा दीड कोटीच्याही आत होता. महिलांचा सामना पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. ज्या खेळाने बेबला नोकरी दिली पण नाव दिलं नाही, तो तिच्या मृत्यूनंतर ६८ वर्षांनी इथवर आला. दाखवलं तर लोक बघतात, एवढं यातून नक्की कळतं.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

१. घरी, वाचनालयात किंवा शाळेत येणाऱ्या पेपरची क्रीडा पानं पंधरा दिवस जमवा. महिलांच्या बातम्या किती, पुरुषांच्या किती, फोटो किती, हे मुलांना मोजू द्या. गणितातला चित्रालेखही त्यातूनच होतो.
२. महिलांच्या बातमीत खेळाबद्दल किती वाक्यं आणि घर, लग्न, दिसणं यांबद्दल किती, ती दोन रंगांनी अधोरेखित करा.
३. आपल्या शाळेच्या मुलींच्या सामन्याची बातमी मुलांनीच लिहावी. कोण खेळलं, कुठे, कधी, निकाल काय आणि सामना कुठे फिरला, एवढं आलंच पाहिजे.

आमच्या वर्गाने तिसरा उपक्रम आधी केला. बातमी फलकावर लावली, नऊही मैदानातल्या खेळाडूंची आणि बाहेर बसलेल्या तिघींचीही नावं घातली. पेपरचा कागद घेऊन आलेली ती मुलगी बाहेर बसलेल्या तिघींपैकी एक होती. मधल्या सुट्टीत ती आईला शाळेत घेऊन आली, फलक दाखवायला.