बदरुद्दीन तय्यबजी : संस्था उभी करणारा बॅरिस्टर

मुंबईत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की समोर अंजुमन-ए-इस्लामची भव्य इमारत दिसते. रोज हजारो लोक तिथून जातात. ती उभी करणाऱ्यांचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

बदरुद्दीन तय्यबजींचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 चा. वडील तय्यब अली व्यापारी, सुलेमानी बोहरा जमातीचे. मुलांना शिकायला विलायतेला पाठवण्याची हिंमत त्यांनी त्या काळात दाखवली. डोळ्यांच्या आजारामुळे बदरुद्दीन यांना शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं, पण ते पुन्हा गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

वकिली जोरात होती. तेवढ्यावर ते आरामात राहिले असते. पण कौमची मुलं नव्या शिक्षणात मागे पडताहेत, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. थोरले भाऊ कमरुद्दीन आणि इतर साथीदारांसोबत त्यांनी 1874 मध्ये अंजुमन सुरू केली. भाऊ अध्यक्ष, बदरुद्दीन सेक्रेटरी. म्हणजे मान भावाकडे आणि पत्रव्यवहार, बैठका, पाठपुरावा यांच्याकडे!

पहिली शाळा सुरू व्हायला 1880 उजाडलं. सहा वर्षं! आज आपण सहा महिन्यांत कंटाळतो. त्यांनी लोकांकडून चंदा जमवला, सरकारकडून अनुदान मिळवलं. 1890 मध्ये ते स्वतः अध्यक्ष झाले. त्याच वर्षी इमारतीची पायाभरणी झाली, 1893 मध्ये ती उघडली.

याच काळात 1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. 1895 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती हेच. एवढं सगळं सांभाळूनही अंजुमन त्यांनी सोडली नाही.

1906 साली लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. शाळा मात्र बंद पडली नाही. आज साबू सिद्दीकसारखं इंजिनिअरिंग कॉलेजही अंजुमनच चालवते. माणूस गेल्यावरही काम चालू राहणं, हीच संस्थेची खरी परीक्षा.

आपल्या गावातल्या किती ट्रस्टना ही परीक्षा पास करता येईल? खिदमतीचा जज्बा आपल्याकडे कमी नाही. हिशेब नीट ठेवणारे, नियम जाणणारे आणि आपल्यामागे दुसरा माणूस तयार करणारे कमी आहेत. तय्यबजींची कमाई वकिलीची होती. आज सामाजिक संस्थांमध्ये पगाराच्या नोकऱ्या आहेत, त्याचं रीतसर शिक्षणही मिळतं. तेव्हा घरातल्या मुलाने किंवा मुलीने या क्षेत्रात जायचं म्हटलं, तर पालकांनो, लगेच नकार देऊ नका.